जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि लोणारचे विवर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी भूगोलाच्या पुस्तकातील त्याचे चित्र तरी नक्कीच पाहिले असेल. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर अवकाशातून आलेला एक प्रचंड पाषाण आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ दीडशे मीटर खोल असे वाटोळे विवर तयार झाले. त्याच्या तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे खारट व अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पण हे ज्वालामुखीचे मुख नसून आघाताने झालेले विवर आहे याचा भक्कम पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला. प्रचंड दाबाने काचेसारखी बनलेली खनिजे तेथील खडकात सापडली, तेव्हा वाद मिटला.

हेच पाणी जून २०२० मध्ये एकाएकी गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. मिठात वाढणारे आणि अंगात गुलाबी रंगद्रव्य असणारे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचे आढळले. पाणी आटून क्षार वाढले, की या सूक्ष्मजीवांचे फावते. त्या दिवसांत लोणारचे फोटो पुष्कळांनी काढले. कोणी धारेजवळून काढले, कोणी दुसऱ्या टोकावरून. कोणी मोबाइलने, कोणी मोठ्या कॅमेऱ्याने. पण पाण्याची कड आदल्या वर्षीपेक्षा किती सरकली, असे विचारले तर हे फोटो एकमेकांवर ठेवून मापता येत नाहीत. त्यासाठी एकच जागा, एकच लेन्स आणि दर महिन्याला एक फोटो हवा. हे काम मोठ्या प्रयोगशाळेचे नाही, ते एखादी शाळाही करू शकेल.

समजा, लोणार परिसरातील एका शाळेच्या निसर्गमंडळाने हे काम हाती घ्यायचे ठरवले. मंडळाकडे कोणीतरी देणगी दिलेल्या तीन लेन्स आहेत. पहिली आहे निकॉनच्या लहान संवेदकाच्या कॅमेऱ्याबरोबर येणारी १८ ते ५५ मि.मी.ची साधी झूम लेन्स. दुसरी निकॉनचीच, पण जुन्या ‘डी’ मालिकेतील ७० ते ३०० मि.मी.ची, दूरचे टिपणारी. तिसरी रशियन बनावटीची ‘हेलिओस’, ५८ मि.मी.ची, फिरवून घट्ट बसवायच्या आट्यांची. कॅमेरा मात्र बंद पडला आहे, आणि दुरुस्तीला जेवढे पैसे पडतील तेवढ्यात जुना दुसरा येईल अशी स्थिती आहे. इकडे नव्या कॅमेऱ्यांच्या घोषणा तर दर दोन-चार महिन्यांनी होतच असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये निकॉनने झेड-५० ची दुसरी आवृत्ती जाहीर केली आणि एप्रिल २०२५ मध्ये झेड-५ ची दुसरी आवृत्ती. जाहिरातीत एक वाक्य हमखास असते : ‘जुन्या लेन्स ॲडॅप्टरने वापरता येतात.’

वाक्य खोटे नाही. पण ‘बसते’ आणि ‘चालते’ यांत फरक आहे, आणि मंडळाचे पैसे त्या फरकावर अवलंबून आहेत. तेव्हा जाहिरात बाजूला ठेवून लेन्स आणि कॅमेरा यांचे नाते मुळापासून पाहू.

एक भिंग आणि एक कार्ड

आधी हा प्रयोग करा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे साधे भिंग घ्या. दिवसा खोलीची एकच खिडकी उघडी ठेवा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहून भिंगामागे पांढरे कार्ड धरा आणि पुढे-मागे सरकवा. एका विशिष्ट अंतरावर बाहेरच्या झाडाची उलटी, स्पष्ट प्रतिमा कार्डावर पडेल. झाड पुष्कळ दूर असल्यामुळे हे अंतर म्हणजेच भिंगाचे नाभीय अंतर. (भिंग सूर्याकडे धरू नका आणि त्यातून सूर्याकडे तर मुळीच पाहू नका.)

समजा हे अंतर १० सें.मी. आले. आता कार्ड फक्त १ सें.मी. मागे न्या. झाड पुसट होईल. पण कोणी मेणबत्ती घेऊन भिंगापासून साधारण १.१ मीटरवर उभे राहिले, तर मेणबत्तीची ज्योत कार्डावर स्वच्छ उमटेल. हिशेब सोपा आहे. नाभीय अंतर आणि मागे सरकवलेले अंतर यांची बेरीज करा, तिला नाभीय अंतराने गुणा आणि मागे सरकवलेल्या अंतराने भागा. १० गुणिले ११, भागिले १, म्हणजे ११० सें.मी. भिंगाचे सूत्र दहावीत शिकलात की हे स्वतः सिद्ध करून पाहा.

या प्रयोगात कॅमेऱ्याचे सगळे मर्म आहे. कार्ड म्हणजे कॅमेऱ्यातील संवेदक. प्रत्येक कंपनी असे ठरवते, की आमच्या कॅमेऱ्याच्या धातूच्या कड्यापासून, म्हणजे माउंटपासून, संवेदक अमुक इतक्या मिलिमीटरवर असेल. त्या कंपनीच्या सर्व लेन्स हे अंतर गृहीत धरून बनतात. आपण त्याला माउंट-अंतर म्हणू. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचे हे अंतर ४६.५ मि.मी. आहे. कॅननच्या ईएफचे ४४ आणि आट्यांच्या हेलिओसचे ४५.४६ मि.मी. पाहायला गेले तर अगदी जवळजवळचे आकडे.

पण जवळजवळ म्हणजे सारखे नव्हे. कॅननची ५० मि.मी.ची लेन्स जुन्या निकॉनवर कशीबशी बसवली, तर ती संवेदकापासून २.५ मि.मी. जास्त दूर राहील. वरचा हिशेब लावा : ५० गुणिले ५२.५, भागिले २.५. उत्तर १०५० मि.मी. म्हणजे साधारण एक मीटरपलीकडचे सगळे जग अस्पष्ट! दोन-अडीच मिलिमीटरच्या फरकाने समोरच्या मित्राचा चेहरासुद्धा हातचा जातो, मग लोणारचे विवर कुठले दिसायला. उलट निकॉनची लेन्स कॅननवर बसवायची असेल, तर मध्ये अडीच मि.मी. जाडीचे कडे घातले की काम झाले. लेन्स मागे ओढण्यासाठी कडे घालता येते. ती कॅमेऱ्याच्या पोटात ढकलायची म्हटले, तर उणे जाडीचे कडे कोणत्याच लोहाराला घडवता येत नाही. मध्ये काच असलेले ॲडॅप्टर बनवून यातून पळवाट काढतात खरी, पण त्या जादा काचेने प्रतिमेचा कस उतरतो.

म्हणून पहिला नियम असा : ज्या लेन्सचे माउंट-अंतर जास्त, ती कमी अंतराच्या कॅमेऱ्यावर बसवता येते. उलटे जमत नाही.

आरसा गेला, जागा झाली

जुन्या कॅमेऱ्यांत हे अंतर चाळीसच्या वर का होते? कारण आत आरसा होता. एसएलआर आणि पुढे डीएसएलआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कॅमेऱ्यांत लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावरून वर जातो आणि आपल्या डोळ्याला दिसतो. बटण दाबताच आरसा खटकन वर उचलला जातो आणि प्रकाश फिल्मवर किंवा संवेदकावर पडतो. लग्नात ऐकू येणारा तो ‘खटाक्’ आवाज काही प्रमाणात या आरशाचाच. हा आरसा फिरायला मोकळी जागा लागते, त्यामुळे लेन्सला दूर उभे राहावे लागते.

संवेदकावरील चित्र थेट छोट्या पडद्यावर दाखवता येऊ लागल्यावर आरशाचे कामच उरले नाही. आरसा गेला आणि माउंट-अंतर झपाट्याने घटले. सोनीच्या २०१० मधील ई माउंटचे अंतर १८ मि.मी. आहे. २०१८ साली ऑगस्टमध्ये निकॉनने झेड आणि सप्टेंबरमध्ये कॅननने आरएफ माउंट जाहीर केले. त्यांची अंतरे अनुक्रमे १६ आणि २० मि.मी. आता पहिला नियम लावून पाहा. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील जवळजवळ प्रत्येक एसएलआर लेन्सचे अंतर याहून जास्त आहे. म्हणजे सगळ्याच बसतील! निकॉन एफ लेन्ससाठी ४६.५ वजा १६, म्हणजे ३०.५ मि.मी.ची नळी हवी. आमच्या हेलिओससाठी २९.४६ मि.मी.ची.

या हेलिओसची कथा गमतीची आहे. जुन्या निकॉन डीएसएलआरवर ती साध्या कड्याने बसवली, तर कड्याची जाडी शून्य धरली तरी ती १.०४ मि.मी. दूर पडते, आणि ५८ मि.मी. नाभीय अंतराला याचा अर्थ ३.३ मीटरपर्यंतच स्पष्ट दिसणे. म्हणजे वर्गातला फळा दिसेल, खिडकीबाहेरचे झाड दिसणार नाही. त्या कॅमेऱ्यावर जी लेन्स निकामी होती, ती नव्या कॅमेऱ्यावर एका स्वस्त नळीने पूर्ण उपयोगाची होते.

मात्र नव्या झेड लेन्स जुन्या एफ कॅमेऱ्यावर कधीच चालणार नाहीत, हेही त्याच नियमाने कळते. त्यामुळे आज नवी लेन्स आधी आणि कॅमेरा पुढच्या वर्षी, असा विचार कोणी करत असेल तर त्याने थांबावे.

एका जुन्या निर्णयाची एकतीस वर्षे

अंतराचे कोडे सुटले, पण लेन्स म्हणजे नुसती काच नव्हे. फोकस जुळवायला काहीतरी फिरवावे लागते, आणि प्रकाश कमी-जास्त करायला आतील पाकळ्यांचा पडदा उघड-मीट करावा लागतो. हे कोण करते? मोटर कोठे बसवली आहे? येथे दोन जपानी कंपन्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या, आणि त्याचे परिणाम आजवर जाणवतात.

निकॉनने १९५९ साली एफ माउंट आणले. स्वयंचलित फोकसचे युग आल्यावरही त्यांनी माउंट बदलले नाही. ग्राहकांच्या जुन्या लेन्स बाद होऊ नयेत ही भूमिका होती. म्हणून त्यांनी मोटर कॅमेऱ्यात बसवली आणि माउंटमधून पेचकसाच्या टोकासारखी एक बारीक दांडी बाहेर काढली. ती लेन्समधील खाचेत बसते आणि फिरून फोकस जुळवते. ‘डी’ मालिकेतील पुष्कळ लेन्स अशाच आहेत. त्यांच्या आत मोटर नाही.

कॅननने १९८७ साली नेमके उलट केले. जुने एफडी माउंट सोडून दिले आणि ईएफ हे नवे माउंट आणले. त्यात प्रत्येक लेन्सला स्वतःची मोटर, पाकळ्यांचा पडदाही विजेवर चालणारा. कॅमेरा आणि लेन्स यांच्यात दांडी नाही, खटका नाही. फक्त विजेचे संपर्कबिंदू. एफडीचे अंतर ४२ मि.मी. आणि ईएफचे ४४, त्यामुळे जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर धडपणे बसेनात. ५० मि.मी.ची एफडी लेन्स दोन मिलिमीटर दूर गेली की १.३ मीटरपलीकडे पाहू शकत नाही, हे आता तुम्हीच काढू शकता. ज्यांनी पै-पै साठवून एफडी लेन्स घेतल्या होत्या त्यांचा संताप झाला असल्यास नवल नाही.

आता २०१८ कडे या. आरएफ कॅमेऱ्यासाठी कॅननने जो ॲडॅप्टर काढला, तो म्हणजे ४४ वजा २०, बरोबर २४ मि.मी. लांबीची नळी आणि विजेचे संपर्क पलीकडे नेणाऱ्या तारा. एवढ्यावर १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स फोकससह चालतात, कारण मोटर लेन्समध्येच आहे. निकॉनने एफटीझेड नावाचा ॲडॅप्टर काढला. त्यात पाकळ्यांचा खटका हलवण्याची सोय आहे, पण पेचकसाची दांडी फिरवणारी मोटर नाही. ज्या निकॉन लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे त्या उत्तम चालतात. ‘डी’ मालिकेतील दांडीवाल्या लेन्स बसतात, त्यांच्या पाकळ्या हलतात, उजेडाचे माप बरोबर येते. फोकस मात्र हाताने जुळवावा लागतो.

ज्या कंपनीने ग्राहकांना सांभाळून घेतले तिच्याच जुन्या ग्राहकांची एक सोय गेली, आणि जिने एकदा सर्वांना दुखावले तिच्या नंतरच्या ग्राहकांना काहीच गमवावे लागले नाही. १९८७ साली हे कोणालाही दिसणे शक्य नव्हते. मला तरी यात निकॉनला दोष द्यावासा वाटत नाही. ज्यांच्या लेन्स त्या तीस वर्षांत चालत राहिल्या त्यांना विचारा! आणि टाकून दिलेल्या एफडी लेन्सचे काय झाले? ४२ वजा २०, म्हणजे २२ मि.मी.चे साधे कडे घालून त्या आता कॅननच्याच नव्या कॅमेऱ्यावर दूरचे डोंगर स्पष्ट दाखवतात.

खामगाव, मलकापूर, चिखली येथे लग्नाचे फोटो काढणाऱ्या छायाचित्रकारांपैकी ज्यांच्याकडे ईएफ लेन्सचा संच आहे, त्यांनी नव्या कॅमेऱ्याच्या मोहात तो घाईने विकू नये, असे म्हणावेसे वाटते ते यामुळेच. आणि हो, पाकळ्या विजेवर चालणारी लेन्स तारा नसलेल्या स्वस्त नळीवर बसवू नका. पाकळ्या पूर्ण उघड्याच राहतील आणि काही केल्या बंद होणार नाहीत.

वर्तुळाच्या काठावरचा काटकोन

तिसरी गोष्ट संवेदकाच्या आकाराची. भिंगाच्या प्रयोगात कार्डावर पडलेले चित्र वाटोळे होते, आठवते? लेन्सही वाटोळीच प्रतिमा पाडते, आणि आयताकृती संवेदक त्या वर्तुळात बसावा लागतो. मोठा संवेदक ३६ गुणिले २४ मि.मी.चा असतो. पायथागोरसाच्या प्रमेयाने त्याचा कर्ण ४३.३ मि.मी. येतो. निकॉनचा लहान संवेदक २३.५ गुणिले १५.६ मि.मी.चा, कर्ण २८.२. लहान संवेदकासाठी बनवलेली लेन्स मोठ्यावर लावली तर कोपरे काळे पडतात. नवे कॅमेरे हे ओळखून आपोआप मधलाच भाग वापरतात. झेड-५ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे २.४५ कोटी चित्रबिंदू आहेत. आपल्या १८-५५ लेन्सने त्यांतील एक कोटीच्या आसपासच कामी येतील. मोठ्या संवेदकाचे पैसे मोजून निम्म्याहून अधिक झाकून ठेवायचा, हे काही शहाणपणाचे नाही.

आता लोणारच्या काठावर उभे राहू. विवराची कड वर्तुळ आहे असे धरा आणि आपण त्या वर्तुळावरील एक बिंदू. समोरची अर्धी कड एका फोटोत यावी यासाठी लेन्सने किती कोन पाहावा? अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो, हे भूमितीत शिकता ना, तेच येथे उभे आहे! काठावर कोठेही उभे राहा, समोरची अर्धी कड बरोबर ९० अंशांत मावते. विवर १.८ किलोमीटरचे असो की १८ चे.

९० अंश पाहणारी लेन्स कोणती? मोठ्या संवेदकाची निम्मी रुंदी १८ मि.मी. लेन्सही १८ मि.मी.ची असेल, तर दोन समान बाजूंचा काटकोन त्रिकोण होतो. मधल्या रेषेच्या एका बाजूस ४५ अंश, दुसऱ्या बाजूस ४५. झाले ९०. तीच १८ मि.मी. लेन्स लहान संवेदकावर लावली तर कोन सुमारे ६६ अंश भरतो. अंतर्लिखित कोनाच्या दुप्पट कंस, म्हणजे १३२ अंशांची कड दिसेल. निम्म्याऐवजी तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक. निम्मी कड एकाच फोटोत हवी तर लहान संवेदकाला १२ मि.मी.ची वेगळी लेन्स विकत घ्यावी लागेल. पण कॅमेरा तिपाईवर फिरवून दोन फोटो काढले आणि संगणकावर जोडले, तर तो खर्च वाचतो. सरोवर काही पळून जात नाही.

आता पाण्याच्या कडेचा हिशेब. समोरची पाण्याची कड आपल्यापासून सुमारे दीड किलोमीटरवर आणि दीडशे मीटर खाली. म्हणजे आपण ती तिरकी पाहतो. कड १० मीटर आपल्याकडे सरकली, तर आपल्याला ती जेमतेम १ मीटर खाली आल्यासारखी दिसेल. १८ मि.मी. लेन्समध्ये या १ मीटरची प्रतिमा ०.०१२ मि.मी.ची होते. झेड-५० च्या दुसऱ्या आवृत्तीत एका चित्रबिंदूची रुंदी सुमारे ०.००४२ मि.मी. आहे, तेव्हा फरक फक्त ३ बिंदूंचा. तो पाहणाऱ्याला चकवू शकतो. ३०० मि.मी.ने तीच प्रतिमा ०.२ मि.मी.ची, म्हणजे सुमारे ४७ बिंदूंची होते. इतका फरक शाळकरी मुलगाही पट्टीने मोजू शकतो. म्हणून निसर्गमंडळाला दोन्ही लेन्स हव्यात : एक विवराचे एकूण रूप टिपायला, दुसरी कड मोजायला. मोबाइलने विवराचा रुंद फोटो छान येतो. पण त्याची लेन्स बदलता येत नाही, आणि मोबाइल बदलला की तुलनाही तुटते.

येथे एक समज दूर करायला हवा. ‘लहान संवेदकावर ३०० ची लेन्स ४५० ची होते’ असे दुकानदार सांगतात. लेन्स बदलत नाही. विवरातल्या झाडीत मोर-लांडोरी दिसतात. एक मीटर लांबीची लांडोर ५० मीटरवर असेल, तर ३०० मि.मी.ची लेन्स तिची ६ मि.मी.ची प्रतिमा पाडते, संवेदक लहान असो वा मोठा. लहान संवेदक फक्त भोवतालचा भाग कापून टाकतो. फरक पडतो तो चित्रबिंदूंच्या दाटीने. झेड-५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या ६ मि.मी.वर सुमारे १००० बिंदू येतात, झेड-५० च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे १४००. मोठ्या संवेदकाचा प्रत्येक बिंदू मोठा, त्यामुळे अंधुक प्रकाशात तो सरस. पण सरोवराची नोंद भर उन्हात घ्यायची आहे.

मग घ्यायचे काय?

तीन पर्याय समोर ठेवू. मोठ्या संवेदकाचा झेड-५ महाग, आणि मंडळाची १८-५५ लेन्स त्यावर अर्धीमुर्धी चालते. त्याच्या आतील हादरे शोषणारी यंत्रणा उपयोगी खरी, पण तिपाईवर काम करणाऱ्याला तिची गरज नाही. तो पर्याय मी बाजूला ठेवीन.

दुसरा पर्याय लहान संवेदकाचा झेड-५० आणि सोबत एफटीझेड. १८-५५ वर बारीक तपासणी हवी. तिच्या नावात मोटर असल्याचे ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असे अक्षर असेल तर फोकससह सर्व चालेल. ७०-३०० ‘डी’ चा फोकस हाताने जुळवावा लागेल. स्थिर सरोवरासाठी हा तोटा नव्हेच. उलट आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात चित्र मोठे करून पाहता येते आणि स्पष्ट झालेल्या कडा रंगाने उठून दिसतात, त्यामुळे हाताने फोकस जुळवणे जुन्या कॅमेऱ्यापेक्षा सोपे आहे. उडत्या पक्ष्यामागे मात्र हात पुरणार नाही. हेलिओस वेगळ्या नळीने बसेल.

तिसरा पर्याय वापरलेला, पण मोटर असलेला डीएसएलआर. उदाहरणार्थ निकॉनची डी-७००० ची मालिका. १८-५५ ‘एएफ-एस’ असेल, तर त्यावर पहिल्या दोन्ही लेन्स कोणत्याही ॲडॅप्टरशिवाय पूर्ण फोकससह चालतात. हेलिओस तेवढी कपाटात राहील. २००६ च्या डी-४० पासून निकॉनने स्वस्त कॅमेऱ्यांतील मोटर काढून टाकली, हे मात्र लक्षात ठेवा. ‘निकॉन आहे ना, चालेल’ म्हणून कोणताही जुना डीएसएलआर घेतला तर फसगत होते.

पक्षी हा मुख्य विषय असलेल्या मंडळाने तिसरा पर्याय घ्यावा आणि उरलेल्या पैशांतून चांगली तिपाई घ्यावी. आपले मंडळ सरोवराची दहा-पंधरा वर्षांची नोंद ठेवणार असेल, तर दुसरा पर्याय बरा, कारण पुढे येणाऱ्या लेन्स त्याच माउंटच्या असतील. खर्च जास्त आहे, हे खरे. ज्या शाळेला तो झेपत नाही तिने तिसऱ्यावर खुशाल काम सुरू करावे. याच दोन लेन्स पुढे झेडवर नेता येतील, आणि जुने फोटो नव्या फोटोंशी जुळतील. त्यासाठी नवा कॅमेराही लहान संवेदकाचाच घ्यावा, म्हणजे चौकट तीच राहील.

दुकानात जाताना तिन्ही लेन्स बरोबर न्या. प्रत्येक बसवून समोरच्या रस्त्याच्या टोकावरची पाटी स्पष्ट दिसते का ते पाहा. जवळची वस्तू दिसणे पुरेसे नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. पाकळ्यांचा आकडा बदलून आत खरोखर पडदा मिटतो का ते पाहा. वापरलेली लेन्स घेत असाल तर मागून विजेरीचा झोत टाका. पावसाळ्यात ओलसर कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती कधीकधी काचेवरील मुलाम्यालाच खाते.

काठावर जागा निवडली की तिपाई कोठे ठेवली त्याचे माप जवळच्या पक्क्या खुणेपासून घेऊन वहीत लिहा. अभयारण्याची जागा आहे, तेव्हा खडकावर रंग लावू नका आणि वनखात्याला विचारूनच काम करा. तारीख, वेळ, लेन्स, पाकळ्यांचा आकडा आणि तिपाईची उंची दर वेळी नोंदवा. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात एक पांढरे कार्ड धरा, म्हणजे पुढे कधी पाण्याचा रंग पालटला तर खरा रंग कोणता ते त्यावरून ठरवता येईल. आणि झूम लेन्स नेहमी तिच्या टोकाला, म्हणजे १८ वर किंवा ३०० वर, अडेपर्यंत फिरवून वापरा. मधले ३५ किंवा २०० हे आकडे कड्यावर छापलेले असले, तरी पुढच्या महिन्यात तुमचा हात नेमका त्याच जागी थांबेल याचा भरवसा नाही.